कावेरीचा त्रिभुज प्रदेश: पाणी, भात आणि तंजावर

नदीकाठ

तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे, सरफोजी, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराचं मंदिर आठवतं. हे सगळं ज्या भातावर उभं राहिलं त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. सुरुवात नदीपासून करतो. जाणकारांनी भर घालावी.

तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेला मुक्कोंबू इथे कावेरी दुभंगते. उत्तरेचा फाटा कोळ्ळिडम, दक्षिणेचा कावेरी, मध्ये श्रीरंगमचं बेट. बेटाच्या खालच्या टोकाला दोन्ही फाटे पुन्हा जवळ येतात आणि तिथेच कल्लणै हा जुना बंधारा आहे. कल्लणैपासून कावेरी, वेण्णारु आणि १९३४ मध्ये सुरू झालेला ग्रँड अनिकट (कल्लणैचं इंग्रजी नाव, अनिकट म्हणजे बंधारा) कालवा असे तीन मुख्य प्रवाह शेतीकडे जातात, जास्तीचं पाणी कोळ्ळिडममध्ये सोडतात. पुढे अरसलारु, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वीरचोळन, पामणियारु, कोरैयारु अशा शाखा फुटत फुटत पूंपुहारपासून वेदारण्यमपर्यंतच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतात.

यातली कळीची गोष्ट अशी की कोळ्ळिडम सरळ आहे, तिचा उतार जास्त आहे आणि तळ खोल आहे. कावेरीचा फाटा वळणावळणाचा आणि उथळ. नदीला मोकळं सोडलं तर ती कोळ्ळिडममध्ये उतरणार आणि तंजावरच्या शाखा गाळाने भरून कोरड्या पडणार. या प्रदेशाचा दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे कावेरीला कोळ्ळिडममध्ये पडू न देण्याचे प्रयत्न, असं माझं मत आहे.

कल्लणै परंपरेने करिकाल चोळाच्या नावावर आहे, काळ साधारण दुसरं शतक. लांबी ३२९ मीटर, रुंदी २० मीटर, उंची ५.४ मीटर, आणि रेषा सरळ नसून नागमोडी. खाली खडक नाही, नुसती वाळू. मोठे धोंडे वाळूत खचू द्यायचे, त्यांच्यावर पुन्हा धोंडे टाकायचे, खचणं थांबेपर्यंत हे करत राहायचं आणि फटी चिकणमातीने भरायच्या, अशी ती रचना. १८०४ मध्ये कॅप्टन कॉल्डवेलने पाहणी करून बंधारा ६९ सेंटिमीटरने उंच करवला. त्यानंतर इंग्रज अभियंता आर्थर कॉटनने गाळ खाली ढकलण्यासाठी त्यात दारं बसवली. १८३६ च्या सुमारास मुक्कोंबूला कोळ्ळिडमच्या तोंडावर वरचा अनिकट बांधला, तेव्हा पाणी कावेरीकडे वळलं. ते इतकं वळलं की आता कावेरीतच पाणी आणि वाळू जास्त होऊ लागली आणि तिच्यावरही नियंत्रणाची कामं करावी लागली. कोळ्ळिडमच्या पाण्यावर जगणाऱ्या खालच्या गावांसाठी अणैकरैला खालचा अनिकट झाला. वाळूवर पाया कसा धरायचा हा कल्लणैचा धडा कॉटनने पुढे गोदावरीवर धवळेश्वरमला वापरला.

वाचनवेडा

उत्तम सुरुवात. वरच्या बाजूला कावेरीवर असलेलं मेट्टूर धरण दरवर्षी १२ जूनला उघडतात असं वाचलं होतं. तारीख इतकी ठरलेली का? जुलैत धरण जास्त भरलेलं असतं, तेव्हा सोडलं तर काय बिघडतं?

तरवा

@वाचनवेडा, हे गणित शेवटाकडून मांडलं की लगेच कळतं.

तमिळनाडूच्या या भागात मोठा पाऊस जून-जुलैत पडत नाही. तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे मध्य ऑक्टोबर ते डिसेंबर. कुरुवै हंगामाचं भात १०५ ते ११५ दिवसांचं असतं आणि ते ऑक्टोबरच्या पावसाआधी कापून घरात यायला हवं. मेट्टूरचं पाणी १२ जूनला सुटलं की १५-१६ जूनला कल्लणै उघडते. मग शाखा, वितरिका, चाऱ्या. जूनअखेर रोपं टाकली, १८ ते २२ दिवसांनी लावणी केली, तर पीक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतं. तीन-चार आठवडे उशीर झाला की कापणी थेट पावसात सापडते. भात लोळतं, लोंबीतच दाण्याला मोड येतात, कापणी यंत्र चिखलात रुततं.

कुरुवै निघालं की त्याच खाचरात ताळडी लावतात, ते १३०-१३५ दिवसांचं. कुरुवै न घेणारे ऑगस्टपासून सांबा घेतात, १५० दिवसांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे जूनचं पाणी चुकलं तर एक पीक जातं, सगळं वर्ष नाही. पण कुरुवैच्या पैशावर सांबाचा खर्च भागतो, त्यामुळे फटका दोन्ही पिकांना बसतो.

२०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं १२ जून साधला नाही. २०१७ मध्ये तर पाणी २ ऑक्टोबरला सुटलं. उलट २०२२ मध्ये धरण भरलेलं असल्याने २४ मेलाच सोडलं. २०२४ मध्ये पुन्हा २८ जुलै उजाडला.

कुंभकोणम, मन्नारगुडी, मयिलाडुदुरै पट्ट्यात विंधन विहिरी असलेले शेतकरी धरणाची वाट न पाहता मे महिन्यातच रोपं टाकतात. किनाऱ्याकडे मात्र जास्त उपसा केला की पाणी खारट होतं, तिथे हा मार्ग बंद.

जलमापक

आकडे जोडतो. मेट्टूरची क्षमता ९३.४७ टीएमसी (अब्ज घनफूट), पूर्ण पातळी १२० फूट. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर.

पाणी वरून, म्हणजे कर्नाटकातून, किती यायचं याचा वाद १८९२ आणि १९२४ च्या करारांपासून चालू आहे. लवाद १९९० मध्ये नेमला, अंतिम निवाडा ५ फेब्रुवारी २००७ चा. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ ला त्यात बदल करून तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ आणि कर्नाटकाचा २८४.७५ टीएमसी केला. तमिळनाडूच्या वाट्यापैकी १७७.२५ टीएमसी दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या बिलिगुंडलू मोजणी केंद्रावर महिन्यांच्या हप्त्यांत यायचं असतं: जून ९.१९, जुलै ३१.२४, ऑगस्ट ४५.९५, सप्टेंबर ३६.७६, ऑक्टोबर २०.२२, नोव्हेंबर १३.७८, डिसेंबर ७.३५, जानेवारी २.७६, आणि फेब्रुवारी ते मे दरमहा २.५.

जूनचा हप्ता पाहा. ९.१९ टीएमसीवर कुरुवैची चिखलणी होत नाही. म्हणून १२ जूनला पाणी सोडता येईल की नाही हे त्या जूनच्या पावसापेक्षा मागच्या वर्षी मेट्टूरमध्ये काय शिल्लक राहिलं यावर ठरतं. ९० फुटांच्या आसपास पातळी असेल तरच सोडायचं असा साधारण संकेत आहे. वाद चांगल्या वर्षी होत नाही. टंचाई वाटून कशी घ्यायची हेच कुठल्याही निवाड्यात नीट बसलेलं नाही.

पाटपाणी

टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, प्रश्न इथे यायलाच हवा. तमिळमध्ये टेलला ‘कडैमडै’ म्हणतात आणि नागपट्टिनम, तिरुतुरैपूंडी, वेदारण्यम हा सगळा पट्टा कडैमडै आहे. हेडच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या, खाचरात लावणी होऊन रोपं रुजलेली असतात तेव्हा इकडे चारीत पाण्याचा पत्ता नसतो. त्याची कारणं अशी:

पहिलं, शाखांचा उतार इतका कमी आहे की थोडा गाळ किंवा जलपर्णी साठली तरी पातळी चढते आणि पाणी वरच्याच मोऱ्यांतून निघून जातं. गाळ काढण्याचं काम एप्रिल-मे मध्ये संपायला हवं. ते जूनमध्ये चालू असेल तर पाणी आल्यावर अर्धवट सोडावं लागतं.

दुसरं, वाळूउपसा. नदीचा तळ खाली गेला की कालव्यांच्या तोंडाची दारं उंचावर लटकतात. पूर्वी जेवढ्या विसर्गात चारी भरायची, तेवढ्यात आता पाणी उंबऱ्यालाही लागत नाही. खोल गेलेला तळ बांधकामाचे पायही उघडे पाडतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुक्कोंबूला कोळ्ळिडमवरच्या जुन्या नियंत्रकाची नऊ दारं पुरात वाहून गेली, त्या वेळी वाळूउपशाची चर्चा सगळ्यात जास्त झाली.

तिसरं, पाळी. टंचाईत कावेरी, वेण्णारु आणि ग्रँड अनिकट कालवा यांना आळीपाळीने आवर्तन देतात. कागदावर हे न्याय्य दिसतं, पण पाळी संपेपर्यंत पाणी टेलला पोचलेलंच नसतं. टेलकडून सुरुवात करून वर येणारी पाळीच इथे चालते. त्यासाठी वरच्या मोऱ्या रात्रीही बंद राहायला हव्यात, म्हणजे राखणीला माणूस हवा.

तो माणूस म्हणजे नीरकट्टी, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. कुठल्या बांधाची मोरी किती बोटं उघडायची हे त्याला तोंडपाठ असे आणि मोबदला सुगीला भाताच्या मापाने मिळे. ही माणसं बहुतेक दलित समाजातली. गावाचं पाणी ती वाटत, पण त्यातलं त्यांच्या स्वतःच्या जमिनीला जवळजवळ काहीच जात नसे, कारण जमीनच नव्हती.

अनामवीर

पण पूर्वी कुडिमरामत्तु होतं ना? गावाने श्रमदानाने कालवे साफ ठेवायचे. सरकारने हातात घेतल्यावर ते मोडलं. तेच परत आणलं तर टेलचा प्रश्न सुटेल.

पाटपाणी

@अनामवीर, त्या व्यवस्थेला श्रमदान म्हणताना जपून. १८५८ मध्ये मद्रास सरकारला या कामासाठी सक्तीच्या श्रमाचा कायदा करावा लागला, यावरूनच ओळखावं. फावडं कुणाच्या हातात आणि पाणी कुणाच्या शेतात हा प्रश्न तिथे पहिल्यापासून होता. तमिळनाडू सरकारने अलीकडे त्याच नावाने योजना राबवली, तिच्यातून गाळ निघाला हे खरं. पण नदीचा तळ दोन-तीन मीटर खाली गेला असेल तिथे चारी साफ करून भागत नाही, तोंडाशी नवी पातळी धरणारं बांधकाम लागतं.

मोडीवाचक

मराठ्यांच्या बाजूने थोडं लिहितो.

व्यंकोजीराजांनी १६७५-७६ मध्ये तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे राहिली. हे राज्य लहान आणि श्रीमंत होतं, आणि श्रीमंती एकाच गोष्टीची, भिजणाऱ्या भातशेतीची. म्हणूनच त्याचा दुबळेपणाही पाण्यातच होता. कल्लणै आणि तिच्या शेजारचा कावेरीचा बांध तिरुचिरापल्लीच्या हद्दीत, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या ताब्यात. बांध फुटला की कावेरी कोळ्ळिडममध्ये उतरणार आणि तंजावर सुकणार. १७६० च्या दशकात दुरुस्ती कुणी करायची यावरून नवाब आणि तंजावर यांच्यात मोठा वाद झाला आणि त्यात इंग्रज कंपनीला मध्ये पडावं लागलं. नवाबाला तंजावरचा गळा आवळायला फौज लागत नव्हती, बांधाची डागडुजी अडवली की पुरे. मूळ लेखातला कोळ्ळिडमचा मुद्दा राजकारणात असा उतरला होता.

पुढे १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावरच घेतलं, १७७६ मध्ये ते तुळजाजीराजांना परत मिळालं. १७८१ मध्ये हैदरअलीची स्वारी झाली, तिने गावंच्या गावं ओस पडली. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि राजधानी राहिली, मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला.

सरफोजीराजांचं नाव ग्रंथालयामुळे घेतलं जातं, पण त्यांच्या छत्रांकडेही बघायला हवं. ओरतनाडूचं मुक्तांबाळ छत्र १८०२ चं. वाटसरूंना जेवण, मुक्काम, मुलांना शिक्षण, आणि हे सगळं नेमून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून. बृहदीश्वराच्या आवारातला १८०३ चा मराठी शिलालेख म्हणजे भोसल्यांचा वंशेतिहास आहे. तंजावरला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो भिंतीवर वाचावा, त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

शिलालेखप्रेमी

मोजमापाची भर. चोळकाळात भात कलम आणि मरक्कालने मोजत, १२ मरक्काल म्हणजे एक कलम. राजराज पहिला याच्या बृहदीश्वर मंदिरातल्या (पूर्णता १०१०) लेखांत भात ‘आडवल्लान’ नावाच्या मरक्कालने मोजावं असं नोंदवलेलं आहे. आडवल्लान हे तिथल्या नृत्य करणाऱ्या शिवाचंच नाव. देवस्थानाचं स्वतःचं प्रमाण माप असल्याने गावोगावच्या मापांतली तफावत मंदिराच्या हिशेबात शिरत नसे.

जमिनीचं जुनं माप ‘मा’ अजून बोलण्यात आहे. तीन मा म्हणजे साधारण एक एकर, २० मा म्हणजे एक वेली.

कष्टकरी

मापांचा विषय निघालाच आहे तर मजुरीच्या मापाबद्दलही बोलू. मंदिरं, मठ आणि मोठे जमीनदार यांच्याकडे हजारो एकर, आणि ती कसणारे पण्णैयाळ म्हणजे वंशपरंपरेने बांधलेले शेतमजूर. १९५२ च्या तंजावर कुळं आणि पण्णैयाळ संरक्षण कायद्याने काही हक्क दिले, पण बऱ्याच मालकांनी पण्णैयाळांना रोजंदारीवर आणून त्यातून वाट काढली. हरितक्रांतीत कुरुवैला आडुतुरैच्या भात संशोधन केंद्राचं एडीटी २७ हे वाण आलं, उत्पन्न वाढलं, आणि वाढलेल्या पिकात वाटा मिळावा म्हणून मजुरांनी भाताच्या रूपातली मजुरी वाढवून मागितली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावात ४४ दलितांना, बहुतेक बायका-मुलांना, एका झोपडीत जाळून मारण्यात आलं. वरच्या न्यायालयात आरोपी जमीनदार सुटले.

त्यानंतर १९८१ मध्ये कृष्णम्माळ आणि जगन्नाथन या गांधीवादी दांपत्याने ‘लाफ्टी’ संस्था काढून भूमिहीन दलित स्त्रियांच्या नावावर जमिनी करण्याचं काम याच जिल्ह्यांत केलं. तंजावरच्या संस्कृतीबद्दल लिहिताना संगीत आणि मंदिरांच्या शेजारी कीळवेण्मणीचं नाव यायलाच हवं, असं मला वाटतं.

नदीकाठ

@कष्टकरी, मनापासून आभार. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

बीजसंग्राहक

जुन्या वाणांबद्दल. माप्पिळ्ळै सांबा (लाल, साधारण १६० दिवस), काट्टुयानम (माणसापेक्षा उंच, १८० दिवसांच्या आसपास), करुप्पु कवुनी (काळा), सीरग सांबा (बारीक, बिर्याणीचा), कुळियडिच्चान (खाऱ्या जमिनीतला). ‘नेल’ जयरामन यांनी १७० च्या वर वाणं जमवली आणि तिरुतुरैपूंडीजवळ आदिरंगमला बियाणं महोत्सव सुरू केला. पद्धत सोपी: शेतकऱ्याने दोन किलो बियाणं न्यायचं, पुढच्या वर्षी चार किलो परत द्यायचं. २०१८ मध्ये ते गेले, पण वाणं शेतात आहेत.

पुराच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. उंच देशी वाणं पाणी चढेल तशी वाढतात. पाणी महिनाभर साठून राहणाऱ्या सखल खाचरात ती उपयोगी. पण सात-आठ दिवसांत ओसरणाऱ्या पुरात हीच वाढ घातक ठरते, रोप सगळी ताकद लांबण्यात घालवतं आणि पाणी उतरलं की आडवं होतं. तिथे सीआर १००९ सब १ किंवा स्वर्णा सब १ हे वाण बरं. ते बुडालं की वाढ थांबवून दम धरतं आणि साधारण दोन आठवडे तग धरतं. त्याहून जास्त दिवस पाणी राहिलं तर तेही कुजतं. आपलं खाचर कुठल्या प्रकारचं आहे हे आधी पाहा, मग वाण निवडा.

पूर ओसरल्यावर घाईने नुसता युरिया फेकू नये. आधी पाणी पूर्ण काढायचं, नवी पांढरी मुळं दिसू द्यायची. मग एकरी २२ किलो युरिया, १८ किलो जिप्सम आणि ४ किलो निंबोळी पेंड मिसळून रात्रभर ठेवायचं, सकाळी १७ किलो पालाश घालून टाकायचं.

मातीमोल

गाळाचा एक वेगळा उपयोग. कुंभकोणमजवळ स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओततात, त्या साच्याला कावेरीचा गाळच लागतो. मधमाश्यांचं मेण आणि राळ यांची मूर्ती घडवून तिच्यावर पहिला लेप नदीच्या अतिबारीक गाळाचा, त्यात जाळून वाटलेलं भाताचं तूस. दागिन्यांची नक्षी याच लेपात उतरते, म्हणून त्यात वाळूचा कणही चालत नाही. दुसरा लेप शेतातल्या मातीचा, तिसरा वाळू मिसळलेला जाडा, वर लोखंडी तारेचे आवळे. वाळवायचं सावलीत. उन्हात वाळवलं तर भेगा पडतात आणि धातू तिथून फुटून निघतो. गोवऱ्यांच्या आचेवर मेण वितळवून काढतात. धातू मेणाच्या वजनाच्या आठ-दहा पट लागतो. साच्यात ओल राहिली तर ओतताना वाफेने साचा फुटतो, त्यामुळे साचा पूर्ण तापवूनच ओततात.

वाचनवेडा

हे अजिबात माहीत नव्हतं! शेवटचा एक प्रश्न. २००४ च्या त्सुनामीत नागपट्टिनमच्या शेतांत समुद्राचं पाणी शिरलं होतं. ती जमीन परत भाताखाली आली का?

तरवा

बरीचशी एक-दोन हंगामांत आली. क्रम महत्त्वाचा होता. आधी वर बसलेला समुद्राचा गाळ खरवडून बाहेर. मग बांध नीट करून नांगरट, गोडं पाणी साठवायचं, मुरू द्यायचं आणि चरातून काढून टाकायचं, असं पुन्हा पुन्हा. त्यानंतरच्या ईशान्य पावसानेही बरंच मीठ धुतलं. माती चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट, झाली असेल तिथेच जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून हलवतं, पण सुटलेला सोडियम वाहून जायला निचरा हवाच. चर न काढता जिप्सम टाकलेल्या शेतांत खर्च वाया गेला. शेवटी हेक्टरी ५० किलो बियाणाने धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून ४५ दिवसांनी फुलावर येताच गाडायचा आणि पहिलं पीक खारपड सोसणाऱ्या वाणाचं घ्यायचं.

आणि सांबा-ताळडीनंतर जमीन मोकळी ठेवू नये. रिकाम्या जमिनीत उन्हाळ्यात खालचं मीठ वर चढतं. कापणीच्या आठवडाभर आधी, उभ्या भातातच ओलीवर हेक्टरी २५-३० किलो उडीद किंवा मूग फेकतात. मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी ही वेळ. पाणी द्यायचं नाही, उरलेल्या ओलीवर आणि दवावर पीक येतं. फुलोऱ्यात आणि पुन्हा १५ दिवसांनी दोन टक्के डीएपी खताची फवारणी. कापणी यंत्राने केली तर चाकोरीत कोंब चिरडतात आणि पेंढ्याच्या ओळीखाली उगवण दडपते. म्हणून यंत्र येणार असेल तर बियाणं ३० किलोपर्यंत धरायचं आणि पेंढा त्याच दिवशी पसरून किंवा उचलून घ्यायचा.